खांद्यावरचे तेल

'अभिषेक' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. करंज्याच्या सोमेश्वर मंदिरात श्रावणी सोमवारी पिंडीवर धार धरली जाते, तो अभिषेक. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसले, तो राज्याभिषेक. ज्या दैवताच्या नावावरून या भागातील सहकारी साखर कारखान्याचे आणि सोमेश्वरनगर या वसाहतीचे नाव पडले, त्याच्या गावात राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कानांवर हा शब्द वर्षभर पडत असतो. परंतु तो शब्द आपल्या स्वतःच्या नावातही दडलेला आहे, याचा मात्र आपणांस सहसा विसर पडतो. 'मसीहा' हा हिब्रू शब्द, 'ख्रिस्त' हा ग्रीक. दोहोंचा अर्थ एकच, अभिषिक्त. म्हणजे 'ख्रिस्ती' म्हणवून घेणारा प्रत्येक जण, तो धर्मगुरू असो, शिक्षक असो, कारखान्यातील फिटर असो की दुसऱ्याच्या रानात ऊस तोडणारा मजूर असो, आपल्या नावातच तेलाची खूण घेऊन वावरत असतो.

आणि ही खूण नुसती नावापुरतीही नाही. दरवर्षी पवित्र सप्ताहात, पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या जवळच्या एखाद्या दिवशी, महागुरुस्वामी आपल्या धर्मप्रांतातील सर्व धर्मगुरूंसह मिस्सा अर्पण करतात आणि तीन तेले आशीर्वादित करतात. एक दीक्षार्थींसाठी, दुसरे रुग्णांसाठी, आणि तिसरे 'क्रिझ्मा', ज्यात सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. लहान बालकाच्या टाळूवर बाप्तिस्म्याच्या वेळी हे क्रिझ्मा लावले जाते. दृढीकरणाच्या वेळी महागुरूंचा अंगठा कपाळावर त्याच तेलाने क्रूस रेखाटतो. गुरुदीक्षेच्या वेळी नवगुरूच्या दोन्ही तळहातांना तेच तेल माखले जाते. टाळू, कपाळ आणि तळहात! विचार, धैर्य आणि कृती या तिन्हींची स्थाने ख्रिस्तसभेने एकेक करून परमेश्वराच्या स्वाधीन केलेली आहेत.

मग प्रश्न असा उरतो की, तेल पुसले गेल्यावर मागे काय राहते?

हा प्रश्न आमचा नव्हे. या परिसरातील एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या एका परिचारिका भगिनीने तो आम्हांस विचारला. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, शाळेत जाणारी दोन मुले, आणि वॉर्डात एकटीच्या अंगावर पडलेले चाळीस रुग्ण. मिस्सा आटोपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "फादर, सातवीत असताना माझं दृढीकरण झालं. पवित्र आत्मा तुला बळ देईल, असं तेव्हा सांगितलं होतं. नर्सिंग मी देवाचं पाचारण समजून घेतलं. पण खरं सांगू? मला तो अभिषेक कधीच जाणवला नाही. आता तर नोकरी सोडावी असंच वाटतं. ज्यांना अभिषेक झालेला असतो त्यांना असं वाटतं का?"

वाचकहो, हा प्रश्न एका भगिनीचा नाही. वीस वर्षे वर्गात उभा असलेला शिक्षक तो मनात विचारतो, दारूच्या आहारी गेलेल्या मुलाची आई तो विचारते, आणि धर्मगुरूनिवासात रात्री एकटा जेवणारा धर्मगुरूही तो विचारतो. उत्तर चुकले तर माणूस आपले पाचारणच गमावून बसतो. म्हणून थोडा विस्ताराने विचार करावयास हवा.

अभिषेकासंबंधी दोन कल्पना आपल्यात रूढ आहेत. पहिली अशी की, अभिषेक म्हणजे एक अनुभूती. अंगावर रोमांच यावेत, डोळ्यांतून अश्रू वाहावेत, हातून अद्भुत घडावे. १९६७ साली अमेरिकेतील कॅथलिक विद्यार्थ्यांमध्ये सुरू झालेली आत्मिक नूतनीकरणाची चळवळ पुढे आपल्याही देशात आली. तिने असंख्यांना प्रार्थनेची गोडी लावली, बायबल हाती दिले. तिचे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु तापमापकाने ज्वर मोजावा तसा भावनेने अभिषेक मोजू लागलो, तर भावना ओसरताच परमेश्वरही निघून गेला असे वाटू लागते. दुसरी कल्पना अशी की, अभिषेक म्हणजे पदवी. तेल लागले, झगा मिळाला, पुढच्या रांगेतील खुर्ची मिळाली. ही कल्पना विशेषतः आम्हा धर्मगुरूंच्या दारात घुटमळत असते.

पवित्र शास्त्र या दोन्ही कल्पनांना थारा देत नाही. शमुवेल संदेष्ट्याने बेथलेहेमात इशायाच्या धाकट्या मुलाच्या मस्तकावर शिंगातील तेल ओतले. त्यानंतर दावीद कुठे गेला? सिंहासनावर नव्हे, तर पुन्हा मेंढरांकडे. पुढे राजा शौलाने त्याला बोलावणे पाठविले तेव्हाही तो मेंढरेच राखीत होता. मग गल्याथ, मग रानोमाळ पलायन, गुहांतील मुक्काम. अभिषेक आणि राज्य यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचे अंतर होते. ज्याच्यापासून तो पळत होता तो शौलही अभिषिक्तच होता! तेल दोघांनाही लागले होते. परंतु एक जण तेलावर हक्क सांगत राहिला आणि दुसरा तेल देणाऱ्यावर विसंबून राहिला.

प्रभू येशूने नाझरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडला आणि आपल्यावरील अभिषेकाचे प्रयोजन स्वतःच सांगितले. ते कोणासाठी होते? दीनांसाठी, बंदिवानांसाठी, अंधांसाठी, चिरडलेल्यांसाठी. आणि त्याच दिवशी त्याच गावच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला. म्हणजे अभिषेक हा सन्मानाचा दाखला नव्हता, तर कामाचा हुकूम होता.

हे आमच्या या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला पंडितांपेक्षा चांगले कळते. कुठे बेंदूर म्हणतात, कुठे पोळा. सणाच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. बैलांना पाण्यावर नेऊन धुतात आणि जिथे जू टेकते, तो खांदा हळद आणि तेल किंवा तूप लावून मळतात, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. तेल शिंगांना लावले तर शोभा वाढेल. पण खांदेमळणीचे तेल शोभेसाठी नसते. ज्या जागी ओझे बसते, कातडी सोलते, घट्टे पडतात, नेमक्या त्याच जागी ते जिरवावे लागते. आणि धनी ते स्वतःच्या हाताने लावतो. या बैलाने वर्षभर काय ओढले ते त्याला ठाऊक असते. तेल लावल्याने जू नाहीसे होत नाही. सण सरला की बैल पुन्हा गाडीला जुंपला जातो. परंतु त्या हाताचा स्पर्श त्याच्या खांद्यावर राहतो. माझे जू सोयीचे आहे असे प्रभूने थकल्या-भागल्यांना सांगितले, तेव्हा जू काढून घेईन असे तो म्हणाला नाही. आपला अभिषेकही खांद्याचा अभिषेक आहे.

या सत्याचा सर्वांत जवळचा दाखला शोधण्यासाठी आपणांस रोम किंवा लूर्दला जावे लागत नाही. बारामती तालुक्याची शीव ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि त्या तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती' तेथेच आहे. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यासंबंधीचा आदेश काढून आपल्या विभक्त बंधुभगिनींमधील पवित्र आत्म्याचे कार्य ओळखावयास शिकविले. तेव्हा शेजारच्या तालुक्यातील ही साक्ष आपण आपलीच म्हणून ऐकावी.

१८५८ साली जन्मलेल्या या स्त्रीला मनुष्यांचे अभिषेक कमी झाले नाहीत. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु त्याआधीच दुष्काळात आईवडील गेले होते. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले, पदरी छोटी मनोरमा. इंग्लंडला जाऊन वैद्यकी शिकावी हा त्यांचा मनोदय होता, तोही ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला. तेथेच वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जे पाचारण त्यांनी स्वतःसाठी निवडले होते ते हातून निसटले, आणि जे परमेश्वराने योजिले होते त्याची तोपर्यंत त्यांना कल्पनाही नव्हती.

पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले व लवकरच ते पुण्यास आले. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांपुरती मदतीची हमी दिली होती. १८९३ साली पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाप्तिस्मा तर केव्हाच झालेला होता. परंतु स्वतः रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी कित्येक वर्षे गेली. आमच्या परिचारिका भगिनीने हे ध्यानी घ्यावे. अभिषेक झाल्याचा दिवस आणि तो उमगल्याचा दिवस हे नेहमी एकच असतात असे नाही.

१८९६ सालची गोष्ट आहे. लोणावळ्याच्या प्रार्थना-शिबिरात रमाबाईंबरोबर त्यांच्या पंधरा मुली होत्या. रानात एकांती प्रार्थना करताना त्यांनी या पंधरांचा वर्ग मागितला. दोनशे पंचवीस! जागा नाही, पैसा नाही, अमेरिकेची हमी संपत आलेली. आणि त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेचा अर्थ लहानपणी स्वतःच्या पोटाने शिकलेली ही स्त्री तिकडे गेली आणि अस्थिपंजर झालेल्या मुली घेऊन परतली. पाहता पाहता संख्या तीनशेच्या घरात गेली. त्यातच पुण्यात प्लेग. शहरात मुलींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या उजाड माळावर आधी तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या, मग विहिरी खणल्या गेल्या, मग इमारती. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जीव राहत होते. एवढ्यांच्या भाकरीची व्यवस्था कोणत्या ताळेबंदात बसते?

या सर्व ओझ्याच्या मध्यावर, १९०५ सालच्या जून महिन्यात, मुक्तीमध्ये तो प्रसिद्ध आत्मिक जागर झाला. रमाबाईंनी त्या वर्षाच्या प्रारंभापासून मुलींचे प्रार्थनागट भरविले होते. पश्चात्ताप, अश्रू, मोठमोठ्याने प्रार्थना. देशोदेशी त्याची वार्ता गेली. परंतु आम्हांस त्याहूनही अधिक बोलके वाटते ते त्यानंतरचे मौन. जागर ओसरल्यावर या बाई काय करीत बसल्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर! आणि मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविणाऱ्या कोण? ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते, त्याच मुली आणि स्त्रिया. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती सारे सोपवावयाचे होते, तीच गेली. वृद्ध आई थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत भाषांतराची सेवा त्यांनी केली. अभिषेकाची ज्वाला १९०५ च्या काही महिन्यांत दिसली. अभिषेकाचे तेल मात्र पुढची सतरा वर्षे मेजावरच्या दिव्यात जळत राहिले.

येथे कोणी म्हणेल, मग सारे परमेश्वरच करणार असेल तर आम्ही हातपाय का हलवावेत? 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. विसंबणे आणि बसून राहणे यांतील भेद समजून घेण्यासाठी सोमेश्वरनगरच्या शेताबांधावर जावे. ही जमीन मुळात अवर्षणाची. १८७६ च्या महादुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदण्यात आला व १८८५ साली तो सुरू झाला. आज वीर आणि भाटघर धरणांतील पाणी या कालव्याने येते आणि माळरानावर ऊस डोलतो. कोणताही शेतकरी, तो कितीही बडा असो, पाणी निर्माण करीत नाही. पाऊस भोरच्या डोंगरात पडतो, त्याच्या बांधावर नव्हे. तरीही आवर्तनाची पाळी येण्याआधी त्याला चारी साफ करावी लागते, सऱ्या पाडाव्या लागतात, आणि पाळी रात्री दोन वाजता आली तर विंचूकाट्याची पर्वा न करता दारे धरावी लागतात. पाणी त्याचे नाही. पण जागणे त्याचे आहे. चारीत गवत माजले तर धरण भरलेले असूनही ऊस वाळतो. आणि एकट्यानेच सारे पाणी अडवून धरले, तर कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचे पीक जाते.

प्रार्थना, पापनिवेदन, मिस्सा, पवित्र शास्त्राचे वाचन ही आपली चारी साफ करणे आहे. त्यांनी कृपा निर्माण होत नाही. कृपेला वाट मोकळी होते. आणि त्या कृपेचे पाणी शेपटापर्यंत पोहोचते की नाही, यावरून आपल्या अभिषेकाची पारख होते.

हे शेपूट आमच्या डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हिशेब माणसांचा नसतो, 'कोयत्या'चा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाच्या समितीपुढे जी माहिती आली, तीनुसार तपासलेल्या स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. काम बुडू नये, खाडा पडू नये, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकणे! नाझरेथच्या सभास्थानात वाचलेल्या त्या उताऱ्यातील 'चिरडलेले' कोण, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही या कोप्यांकडे बोट दाखवू.

गेल्या हंगामात अशाच एका कोपीत रुग्णाभ्यंगासाठी आमचे जाणे झाले. नातवंडे सांभाळण्यासाठी लेकासुनेबरोबर आलेली एक ख्रिस्ती म्हातारी तापाने पडून होती. आम्ही तिच्या कपाळाला तेल लावले. मग तळहात पुढे घेतले. आयुष्यभर उसाच्या पात्यांनी चिरलेले, लाकडासारखे झालेले ते हात! म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "फादर, हातालाच जादा लावा. कपाळाचं काय करायचंय? काम तर हात करत्यात." सून ओशाळून हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. गुरुदीक्षेच्या दिवशी आमच्या तळहातांना लागलेले तेल आणि हे तेल, दोन्ही एकाच मिस्सात आशीर्वादित होतात. पण तेल नेमके कोठे लागले पाहिजे, हे पाठशाळेतील अनेक वर्षांच्या ईशज्ञानाच्या अभ्यासापेक्षा त्या एका वाक्याने आम्हांस अधिक स्पष्ट करून सांगितले.

राहता राहिली न जाणवण्याची गोष्ट. त्यासाठी एकच स्थळ पाहू. प्रभूने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री जेथे प्रार्थना केली त्या बागेचे नाव गेथशेमाने, आणि त्या नावाचा अर्थ 'तेलाचा घाणा'. जो अभिषिक्तांचा अभिषिक्त, तो घाण्यात सापडला होता. त्याला तेथे काय जाणवले? रोमांच नव्हेत, उत्साह नव्हे. भीती, खिन्नता आणि झोपलेले मित्र. प्याला टळावा अशी त्याने पित्याची विनवणी केली. पाचारण सोडावेसे वाटणे हे अभिषेक नसल्याचे लक्षण असते, तर त्या रात्री स्वतः ख्रिस्तही अभिषिक्त ठरला नसता. ऑलिव्हचे फळ झाडावर असते तोवर देखणे दिसते. तेल निघते ते घाण्यात. तेव्हा रात्रपाळीत चाळीस खाटांमधून फिरणाऱ्या आमच्या भगिनीला आम्ही एवढेच सांगितले की, तुला काय जाणवते याचा शोध काही दिवस थांबव. वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी, महागुरूंचा अंगठा जिथे टेकला होता त्या कपाळावर क्रूसाची खूण कर आणि म्हण, 'प्रभो, आजची पाळी तुझी, हात माझे.' आणि साप्ताहिक सुटी मिळेल त्या दिवशी पुरेशी झोप घे; एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही, भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. ती अजून त्याच वॉर्डात आहे. जाणवते का, असे आम्ही विचारलेले नाही आणि तिनेही सांगितलेले नाही. तिच्या सासऱ्यांना कम्युनियन द्यावयास जातो तेव्हा ती कधी झोपलेली असते, कधी पाळीवर गेलेली असते.

ख्रिस्तसभेची एक जुनी रीत आहे, ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. पवित्र सप्ताहात महागुरूंकडून नवी तेले आली की आदल्या वर्षीची उरलेली तेले साठवून ठेवीत नाहीत. ती जाळली जातात, पुष्कळ ठिकाणी वेदीजवळच्या दिव्यात. बाप्तिस्म्याची आणि गुरुदीक्षेची मुद्रा आत्म्यावर एकदाच उमटते, ती पुसली जात नाही. म्हणूनच पौलाने तीमथ्याला नवे कृपादान मागावयास सांगितले नाही, हस्तस्पर्शाने मिळालेले जुनेच दान पुन्हा चेतवावयास सांगितले. परंतु कालच्या तेलावर आजचा दिवस ढकलू नये, एवढे ती रीत नक्कीच शिकविते. गतवर्षीच्या यशाच्या, गतवर्षीच्या अनुभूतीच्या, गतवर्षीच्या वैतागाच्याही कुप्या आपण कपाटात जपून ठेवतो. त्या दिव्यात ओताव्यात. यंदाचे तेल यंदाच्या ओझ्यासाठी आहे, आणि धनी ते आपल्या हाताने, नेमके जिथे सोलवटले आहे तिथेच लावणार आहे. आपण फक्त खांदा पुढे करावा.